देव गेले, नवस उरले

आज ज्या देवदेवतांबद्दल बोलणार आहे, त्यांची परंपरेनं चालत आलेली पूजा थांबून सुमारे दीड हजार वर्षं झाली. त्यांची पोथी नाही, आरती नाही. ते कुणाच्या पोटी जन्मले, त्यांची लग्नं कशी झाली, ते कुणावर रागावले आणि कुणावर भाळले, यातली एकही कथा शिल्लक नाही. तरीही त्यांतल्या पुष्कळांची नावं आपल्याला ठाऊक आहेत. ही नावं राजांनी जपली नाहीत आणि पुजाऱ्यांनीही नाहीत. ज्यांचे गुडघे दुखत होते, ज्यांना दिसेनासं झालं होतं, ज्यांचं तान्हं मूल तापानं फणफणत होतं, अशा साध्या माणसांनी ती जपली. तीसुद्धा जपायची म्हणून नव्हे, तर आपला नवस फेडता फेडता.

हे देव गॉल देशातले. गॉल म्हणजे आजचा फ्रान्स आणि बेल्जियम, शिवाय स्वित्झर्लंड, जर्मनी आणि उत्तर इटलीचा काही भाग. ज्यांनी स्वतः किंवा मुलांबरोबर बसून ‘अ‍ॅस्टेरिक्स’ची चित्रमय पुस्तकं वाचली असतील, त्यांना रोमनांना न जुमानणारं ते हट्टी गाव आठवेल. ती गंमत झाली. इतिहास असा, की इसवी सनापूर्वी ५८ ते ५० या काळात ज्युलियस सीझरनं यातला बराचसा मुलूख जिंकला आणि तो रोमन साम्राज्यात सामील झाला. गॉल लोकांच्या धर्मगुरूंना द्रुइड म्हणत. सीझरनं नमूद केलं आहे, की आपली विद्या लिहून ठेवणं द्रुइडांना मान्य नव्हतं. शिष्य ती तोंडपाठ करीत, आणि काहींना त्यासाठी वीस वीस वर्षं लागत. पाठांतराची परंपरा आपल्याला नवी नाही. पण आपल्याकडे ती साखळी टिकली, तिकडे तुटली. पाठ म्हणणारी शेवटची पिढी संपली आणि तिच्याबरोबर सगळी विद्या गेली. मागे राहिली ती दगडावर, भांड्यांवर, शिशाच्या पत्र्यावर कोरलेली नावं, आणि त्या नावांपुढे वाहिलेल्या वस्तू.

मी बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पुरातत्त्व हा काही माझा प्रांत नव्हे. या देवांपर्यंत मी शब्दांच्या वाटेनं पोहोचलो, म्हणून तुम्हालाही आधी त्याच वाटेनं नेतो.

गॉलिश भाषेत देवाला ‘देवोस’ म्हणत. आपला ‘देव’ आणि हा ‘देवोस’ एकाच घराण्यातले. संस्कृत, लॅटिन, ग्रीक, फारसी यांच्यासारखीच गॉलिश ही त्याच मोठ्या भाषाकुळातली एक लेक, फक्त अकाली गेलेली. ‘देवोस’वरून झऱ्याचं एक नाव झालं, ‘दिवोना’. फ्रान्समधल्या काओर शहराचं प्राचीन नाव दिवोनाच होतं. चौथ्या शतकात बोर्दो शहरी ऑसोनियस नावाचा लॅटिन कवी होऊन गेला. आपल्या गावच्या झऱ्याचं त्यानं मोठं कौतुक केलं, आणि जाता जाता दिवोना या केल्टिक नावाचा अर्थही सांगितला: देवांच्या पंक्तीत बसलेला झरा. मुलखातली जुनी भाषा विझत चाललेली असताना एका परभाषेतल्या कवीनं तिचा एक शब्द अर्थासकट आपल्या कवितेत ठेवून दिला. माझ्या मते कवीनं करण्यासारखं याहून मोठं काम फारसं नसावं.

पॅरिसजवळ सीन नदीला मार्न नावाची नदी मिळते. तिचं जुनं नाव ‘मात्रोना’, म्हणजे थोर माता. आपण नदीला आई म्हणतो. त्यांनी तर नदीचं नावच आई ठेवलं. दामोना नावाची आणखी एक देवी होती. गरम पाण्याच्या झऱ्यांशी तिचा संबंध. तिच्या नावात गाय-बैल या अर्थाचा शब्द आहे, असं अभ्यासक मानतात. संस्कृतात अजून औताला न जुंपलेल्या खोंडाला ‘दम्य’ म्हणतात, तो याच शब्दाचा भाऊबंद.

दामोनाचा जोडीदार बोर्वो. हा उकळत्या, बुडबुडणाऱ्या पाण्याचा देव, आणि त्याच्या नावाचा अर्थही ‘उकळणारा’ असाच आहे. कोकणात ज्यांचं घर आहे त्यांना हे लगेच पटेल. उन्हवरे, उन्हेरे ही आपल्याकडची गावं त्यांच्या ऊन पाण्यामुळेच ओळखली जातात. फ्रान्समध्येही बोर्वोच्या नावाची तीन गावं आहेत: बुर्बोन-ले-बँ, बुर्बों-लान्सी आणि बुर्बों-लार्शांबो. तिन्ही ठिकाणी आजही जमिनीतून कढत पाणी येतं. बुर्बोन-ले-बँ इथली रोमन काळातली जुनी विहीर १८७०च्या दशकात उपसली, तेव्हा तळाच्या गाळात भाविकांनी टाकलेली हजारो नाणी निघाली.

बुर्बों-लार्शांबोची गोष्ट तर फार लांबवर जाते. त्या गावच्या सरदार घराण्यानं गावाचं नाव घेतलं, आणि पुढे तेच फ्रान्सचं राजघराणं झालं. ज्याचा शिरच्छेद १७९३ साली झाला तो सोळावा लुई याच बुर्बों घराण्यातला. इंग्रजीत त्याचा ‘बोर्बन’ झाला, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या एका बिस्किटालाही ते नाव मिळालं. म्हणजे आपल्याकडे पाहुणा आला की चहाबरोबर बशीत जे चॉकलेटचं बोर्बन बिस्किट येतं, त्याच्या नावात दोन हजार वर्षांपूर्वीचा एक विस्मृतीत गेलेला देव अजून उकळतो आहे!

आता शब्दांकडून प्रत्यक्ष जागेकडे येऊ. फ्रान्सच्या बर्गंडी भागात दिजाँ हे शहर आहे. त्याच्या वायव्येला तीसेक किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर, एका छोट्या खोऱ्यात सीन नदी उगम पावते. तीच सीन पुढे पॅरिसमधून वाहते. उगमापाशी ती इतकी लहान असते, की पोरगंसुद्धा एका ढांगेत ओलांडील. या उगमाची देवी सेक्वाना. ‘सीन’ हे नाव ‘सेक्वाना’चंच झिजून झिजून उरलेलं रूप.

रोमन काळात इथे मंदिर होतं, ओवऱ्या होत्या, पाणी साठवण्याची कुंडं होती. एकोणिसाव्या शतकात इथे पहिलं उत्खनन झालं. १९३३ साली देवीची कांस्यमूर्ती सापडली. देवी नावेत उभी आहे, डोक्यावर मुकुट आहे, दोन्ही हात पुढे पसरलेले आहेत. नावेचं टोक बदकाच्या डोक्यासारखं आहे आणि बदकानं चोचीत एक गोल फळ धरलं आहे. नाव आणि मूर्ती मिळून उंची जेमतेम साठ सेंटिमीटर. देवी म्हटल्यावर आपण सिंह, वाघ, शस्त्रं यांची अपेक्षा करतो. ही देवी बदकाच्या नावेतून येते. शांत पाण्याची देवता आहे, तिला शस्त्र कशाला?

पण खरा ठेवा मिळाला तो १९६३ सालापासून पुढच्या काही वर्षांत. उगमाजवळच्या चिखलात लाकडी वस्तूंचा ढीगच सापडला. शेकडो वस्तू, बहुतेक इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या. दोन हजार वर्षं लाकूड टिकलं कसं, असा प्रश्न कुणालाही पडेल. लाकूड कुजवणाऱ्या जीवजंतूंना हवा लागते. पाण्यानं गच्च भरलेल्या चिखलात प्राणवायू पोहोचतच नाही, म्हणून लाकूड जसंच्या तसं राहतं. धोका असतो तो बाहेर काढल्यावर. असं लाकूड वाळलं की आक्रसतं, तडकतं. म्हणून ते फार हळुवारपणे, औषधी प्रक्रिया करून टिकवावं लागतं. आज या वस्तू दिजाँच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत.

काय आहे त्यांत? हात आहेत, पाय आहेत, नुसते पंजे आहेत. स्तन आहेत, नितंब आहेत. डोळे मिटलेली डोकी आहेत. घोंगड्याची खोळ घ्यावी तसा टोपीचा झगा पांघरलेले यात्रेकरू आहेत. दुपट्यात घट्ट गुंडाळलेली तान्ही बाळं आहेत. लाकडाच्या काही फळ्यांवर तर शरीराच्या आतला भाग कोरला आहे: श्वासनलिका, फुप्फुसं, बरगड्या. कुणाला तरी छातीचा विकार असणार, आणि सुतारानं जनावर कापताना पाहिलेलं आठवून माणसाच्या छातीचा नकाशा काढला असणार. काही ओंडक्यांवर एकाखाली एक अशी दोन-तीन डोकी कोरलेली आहेत. एकाच लाकडात बसवलेलं जणू अख्खं कुटुंबच.

हे काम कलावंतांचं नव्हे. बहुतेक वस्तू ओकच्या ओंडक्यातून चार-सहा घावांत घडवलेल्या आहेत. नाक म्हणजे एक उंचवटा, डोळे म्हणजे दोन खाचा. ज्याला दगड परवडत होता त्यानं दगडाची मूर्ती वाहिली, ज्याला कांस्य परवडत होतं त्यानं पातळ पत्र्यातून डोळे कापून वाहिले, आणि ज्याच्याजवळ काहीच नव्हतं त्यानं लाकूड वाहिलं. काळाचा न्याय असा विलक्षण, की गरिबांचं लाकूडही श्रीमंतांच्या दगडाइतकंच टिकलं.

या वस्तूंमागचा व्यवहार आपल्याला समजावून सांगण्याची गरजच नाही. लॅटिन शिलालेखांच्या शेवटी चार आद्याक्षरं पुन्हा पुन्हा येतात. त्यांचा पूर्ण अर्थ असा: नवस फेडला, राजीखुशीनं, देव त्याला पात्र आहे म्हणून. आपल्याकडे ‘नवसाला पावणारा देव’ म्हणतात, तीच भावना. आधी बोलायचं, गुण आला की फेडायचं. सेक्वानेच्या उगमापाशी एक मोठं मातीचं भांडं सापडलं. त्यावर लिहिलं आहे, की देवी सेक्वानेला हे रूफसनं दिलं. भांड्यात आठशेहून अधिक नाणी होती आणि कांस्याच्या पत्र्यातून कापलेले शंभराहून अधिक अवयव होते. रूफस कोण होता, हे इतिहासाच्या दृष्टीनं महत्त्वाचं नाही. पण त्यानं ती ओळ लिहिली, म्हणून देवीचं नाव टिकलं. देवानं भक्ताला तारल्याच्या कथा आपण पुष्कळ ऐकतो. इथे भक्तानं देवीला तारलं.

आपल्या अवयवाची प्रतिमा वाहण्याची ही रीत कुठल्या एका धर्माची नाही. वांद्र्याच्या मोतमाऊलीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, बाळं विकायला असतात, आणि ती घेऊन टेकडी चढणाऱ्यांत सगळ्या धर्मांची माणसं असतात. देवीला चांदीचे डोळे वाहतात. दर्ग्याच्या जाळीला धागे बांधतात, मूल व्हावं म्हणून लहानसा पाळणा बांधतात. आमच्या घरात याला मन्नत म्हणत, शेजारच्या घरात नवस म्हणत. आमची अम्मी आणि शेजारच्या काकू यांच्यात या शब्दाचा अर्थ कधी अडला नाही.

तरीही इथे जरा सावध राहायला हवं. लाकडी पाय सापडला म्हणजे पायाचंच दुखणं होतं असं नव्हे, असं आजचे अभ्यासक बजावतात. कुणी लांबून चालत आल्याची खूण म्हणूनही पाय वाहिला असेल. हात म्हणजे कदाचित देण्यासाठी पसरलेला हात. डोळे म्हणजे ‘देवी, माझ्याकडे बघ’ एवढंच मागणं. शिवाय गॉलमधला प्रत्येक पवित्र झरा रोग बरे करणारा होता, हा एके काळचा समजही आता मागे पडला आहे. झऱ्याकडे लोक पाऊस मागत, पीक मागत, मूल मागत, हरवलेली वस्तूही मागत. दुखणं हे त्या मागण्यांतलं एक.

आणि पाण्याचं काय? बोर्वोच्या झऱ्यांचं पाणी कढत आणि क्षारयुक्त असतं. सांधेदुखीवर त्याचा शेक बरा वाटतो, हे कुणीही कबूल करील. फ्रान्समध्ये गेली कित्येक दशकं डॉक्टरांच्या चिठ्ठीनं अशा ठिकाणी अठरा दिवसांचा उपचार घेता येतो आणि त्याच्या खर्चाचा काही भार सरकारी आरोग्यविम्यानं उचललेला आहे. पण सीनच्या उगमाचं पाणी थंड आणि साधं आहे, त्यात औषधी असं काही नाही. मग तिथे माणसांना काय मिळत होतं? कामातून चार दिवस सुटका, चालण्याचा व्यायाम, स्वच्छ पाणी, झाडांची सावली. आणि आपल्यासारखंच दुखणं घेऊन आलेली दुसरी माणसं. ‘तुमचं काय दुखतं?’ असं विचारणारं कुणीतरी. आजच्या दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या माणसालाही औषधाइतकीच याची गरज असते.

हे देव प्रत्येकाला पावत होते असं मात्र नाही. गॉलमध्ये आणि ऱ्हाईन-डॅन्यूबच्या मुलखात ग्रान्नस नावाचा देव प्रसिद्ध होता. रोमनांनी त्याला आपल्या अपोलोशी जोडून घेतलं, कारण रोगराई दूर करणं हे अपोलोचं काम. त्याची जोडीदारीण सिरोना. तिच्या नावाचा संबंध ताऱ्याशी लावतात, आणि जर्मनीत होखशाइट इथे सापडलेल्या तिच्या मूर्तीच्या हाताला साप वेढलेला आहे, दुसऱ्या हातात अंड्यांचं पात्र आहे. या ग्रान्नसकडे तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला खुद्द रोमन सम्राट काराकाला यानं साकडं घातलं. इतिहासकार कॅसियस डिओ सांगतो, की सम्राटानं ग्रान्नसला विनवलं, ग्रीकांच्या वैद्यदेवाला विनवलं, इजिप्तच्या सेरापिसला विनवलं. कुणाचाही उपयोग झाला नाही. काराकालानं सत्तेसाठी सख्ख्या भावाला मारलं होतं. त्याचं दुखणं पाण्यानं धुतलं जाणारं नव्हतं, असं सूचित करायला डिओ विसरत नाही.

देवाकडे जाणारा माणूस वैद्याकडे जात नव्हता, अशीही समजूत नको. सीनच्या उगमापासून फार लांब नसलेल्या एसारवा इथे व्हिंदोन्नस नावाच्या देवाचं ठाणं होतं. त्याच्या नावातला ‘विंदोस’ म्हणजे पांढरा, स्वच्छ, उजळ. त्याच्यापुढे कांस्याच्या पत्र्यावरचे डोळे वाहिलेले सापडले. त्याच गॉलमध्ये नेत्रवैद्यांचे लहान लहान दगडी शिक्केही मोठ्या संख्येनं मिळाले आहेत. डोळ्यांत घालायच्या औषधाच्या कांड्या ओल्या असताना त्यांवर हा शिक्का उठवायचा. त्यावर वैद्याचं नाव, औषधाचं नाव, कोणत्या विकारावर ते चालतं तेही. आजच्या औषधाच्या वेष्टनावर असतं तेच. दुखणाईत माणूस दवा आणि दुआ या दोन्ही दारांशी उभा असतो. एक दार उघडलं म्हणून तो दुसऱ्याकडे पाठ फिरवत नाही.

आता मला ज्यासाठी हा विषय निवडावासा वाटला, त्या वस्तूकडे येतो. मध्य फ्रान्समध्ये क्लेरमाँ-फेराँ हे शहर आहे, मिशेलिन टायरचं गाव म्हणून ते प्रसिद्ध आहे. त्याला लागून शामालिएर. तिथल्या एका झऱ्यापाशी १९६८ ते १९७१ या काळात उत्खनन झालं आणि हजारोंच्या संख्येनं लाकडी वस्तू निघाल्या. सीनच्या उगमाशी ओक, तर इथे मुख्यतः बीचचं लाकूड. पुन्हा तेच हात, पाय, डोकी, झगा पांघरलेली माणसं. आणि १९७१ साली त्यांच्यात सापडला शिशाचा एक छोटा पत्रा. आकार माणसाच्या तळहातापेक्षा लहान. त्यावर बारा ओळी, लॅटिन लिपीत पण गॉलिश भाषेत. गॉलिशमधले मोठे मजकूर इतके दुर्मीळ आहेत, की या बारा ओळी ही त्या भाषेची मोठी दौलत मानली जाते.

त्यात मापोनोस या देवाला आवाहन आहे. मापोनोस म्हणजे देवाचा पुत्र, दिव्य कुमार. हे आवाहन शत्रूविरुद्ध आहे, न्यायासाठी आहे की आणखी कशासाठी, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण दोन गोष्टी स्पष्ट दिसतात. पहिली अशी, की शेवटी तेच शब्द तीनदा येतात. मंत्र म्हणा, पालुपद म्हणा, लिहिणाऱ्याच्या कानात लय होती. दुसरी गोष्ट माझ्या मनातून जात नाही. त्या पत्र्यावर काही माणसांची नावं आहेत आणि त्यांतली बहुतेक नावं रोमन वळणाची आहेत: क्लॉडियस, एमिलियस, फ्लोरस. रोमची सत्ता येऊन शंभर वर्षं झाली होती. बाजारात लॅटिन, कचेरीत लॅटिन, मुलांची नावंसुद्धा लॅटिन. पण झऱ्याशी वाकून, पाताळातल्या शक्तींना साक्षी ठेवून जे मागायचं, ते मात्र गॉलिशमध्येच मागितलं.

नाव एका भाषेचं आणि मागणं दुसऱ्या भाषेचं, यात मला काहीच नवल वाटत नाही. माझं नाव अरबी आहे. मी कविता मराठीत लिहितो. कार्यक्रमात कुणीतरी कौतुकानं विचारतंच, की तुम्ही मराठीत कसे? प्रश्न वाईट हेतूनं विचारलेला नसतो, पण दर वेळी थोडा बोचतो. मला त्या विचारणाऱ्याला हा शिशाचा पत्रा दाखवावासा वाटतो. माणसाचं नाव त्याला इतरांनी दिलेलं असतं. वेदना आणि विनवणी ज्या भाषेत आपोआप बाहेर पडते, ती भाषा त्याची. आमच्या घरात प्रार्थना अरबीत झाली, पण बोट दारात सापडलं की तोंडून ‘आई गं’च आलं.

गॉलिश भाषा पुढे काही शतकांत बोलेनाशी झाली. फ्रेंचमध्ये तिचे थोडे शब्द राहिले, तेही शेतातले, रानातले, मातीतले. ओकच्या झाडाला फ्रेंचमध्ये ‘शेन’ म्हणतात, तो शब्द गॉलिशमधून आलेला. चिखलाला ‘बू’ म्हणतात, तोही गॉलिशच. ज्या लाकडात नवस कोरले आणि ज्या चिखलानं ते सांभाळले, त्या दोघांची नावं मूळ भाषेतच राहिली.

देवांचं काय झालं? चौथ्या-पाचव्या शतकात ख्रिस्ती धर्म पसरला आणि या ठाण्यांवर बंदी आली. सहाव्या शतकातला बिशप ग्रेगरी (तूरचा) आपल्या चुलत्याची हकीकत सांगतो. चुलते गालुस तरुणपणी कोलोनला गेले होते. तिथे एका देवळात लोक दुखऱ्या अवयवाची लाकडी प्रतिमा वाहत. गालुस यांनी त्या देवळाला आग लावली, तेव्हा लोक तलवारी उपसून मागे लागले आणि राजवाड्यात आसरा घेऊन ते कसेबसे वाचले. त्याच शतकाच्या उत्तरार्धात ओसेर इथल्या धर्मसभेनं नियमच केला, की झऱ्यांना, झाडांना नवस बोलू नयेत, आणि लाकडाचे पाय किंवा माणसं करू नयेत. जे कुणी करतच नाही त्यावर बंदी घालायला धर्मसभा बसत नाही. म्हणजे राज्य बदलून, धर्म बदलून दोनशे वर्षं होत आली तरी लोक लाकडाचे पाय घडवतच होते.

पुढे हळूहळू तडजोड झाली. झरे तेच राहिले, त्यांच्यावर संतांची नावं आली. सीनच्या उगमापासून थोड्या अंतरावर सहाव्या शतकात एक मठ स्थापन झाला. संस्थापक संताचं लॅटिन नाव सेक्वानस! देवीच्या नावाशी असलेलं साम्य डोळ्यांत भरल्याशिवाय राहत नाही. आणि १८५८ साली त्याच फ्रान्समध्ये लूर्द इथे एका गरीब मुलीनं, बर्नादेतनं, माती उकरली आणि झरा वाहू लागला. तेव्हापासून जगभरचे आजारी तिथे जात आहेत. श्रद्धेचा पत्ता बदलला, माणसाचं दुखणं आणि पाणी यांचं नातं बदललं नाही.

सेक्वानेच्या उगमाची गोष्ट अजून संपलेली नाही. १८६४ साली तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत ती जागा पॅरिस शहरानं विकत घेतली. उगम बर्गंडीत, पण ती जमीन आजही पॅरिस महापालिकेची. तिथे एक कृत्रिम गुहा बांधून नदीदेवीची मूर्ती बसवली. एवढा मान उगमाला दिला, आणि खाली शहरात मात्र त्याच नदीत सांडपाणी सोडत राहिले. नदी इतकी नासली, की १९२३ साली पॅरिसमध्ये सीनमध्ये पोहण्यावर बंदी घालावी लागली. जिच्याकडे लोक दुखणी घेऊन येत होते, ती स्वतःच रोगाचं कारण झाली.

२०२४च्या ऑलिंपिकसाठी नदी शुद्ध करण्यावर सुमारे १४० कोटी युरो खर्च झाले. पाऊस पडला की पाणी पुन्हा बिघडे, सराव रद्द होई, पुरुषांची ट्रायथलॉन तर एक दिवस पुढे ढकलावी लागली. तरी शर्यती झाल्या. आणि जुलै २०२५मध्ये, शंभराहून अधिक वर्षांनी, सामान्य माणसांसाठी पॅरिसमध्ये तीन ठिकाणी सीनमध्ये पोहण्याची सोय झाली. लेकरंबाळं घेऊन लोक पाण्यात उतरले. त्यांतल्या कितीजणांना सेक्वाना हे नाव ठाऊक असेल? पण तिचं एक जुनं देणं त्या दिवशी थोडंफार फिटलं, असं म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडे नद्यांच्या आरत्या आहेत, ओट्या आहेत, नवस आहेत. मागायला आपण कधी कमी पडलो नाही. गॉलमधल्या त्या अडाणी माणसांचा नियम साधा होता: बोललेला नवस फेडायचा, आणि तोही राजीखुशीनं. आपल्या नद्यांचं पाणी एकदा ओंजळीत घेऊन पाहावं. आपल्याकडे किती थकबाकी आहे, ते लगेच कळेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)